चौदा मिनिटांत घरी पाठवू नका

धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी क्रीडाशिक्षक आहे, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. खो-खो माझा मूळचा खेळ. रग्बी गेली नऊ वर्षं शिकवतो. भारताचा पुरुष संघ पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना खेळला १९९८ मध्ये, आणि त्याच वर्षी १ जुलैला धुळ्यातून वेगळा होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला. रग्बीत आपला देश आणि राज्यात आपला जिल्हा, दोघंही एकाच वयाचे, दोघंही नवखे. नवख्यांना खेळात कसं आणायचं आणि आणल्यावर कसं टिकवायचं, हे मला मैदानावर जसं उमगत गेलं तसं लिहितो.

१. नवा खेळ जुन्या खेळाच्या वाफ्यात लावावा.

एका शिबिरातून परतताना मी दोन चेंडू आणले होते. संध्याकाळी मुली खो-खोच्या खांबाजवळ जमल्या. चेंडू जमिनीवर टाकला तर तो सरळ उसळेना, कधी डावीकडे, कधी मागे. सातवीतली एक मुलगी त्याच्यामागे कोंबडी धरायला धावावं तशी वाकून धावली आणि तिसऱ्या उसळीला तिने तो पोटाशी आवळून धरला. चेंडू असा पोटाशी धरायला शिकवण्यात एरवी महिना जातो.

मग नियम सांगितला. धावायचं पुढे, पण चेंडू हाताने द्यायचा तो बाजूला किंवा मागेच, पुढे फेकायचा नाही. मला वाटलं होतं की इथे गाडी अडेल. पण तीच मुलगी म्हणाली, "सर, खो पण मागूनच देतात ना." त्या दिवसापासून आमच्याकडे पास म्हणजे खो. आजही मैदानावर मुली "खो दे, खो दे" असंच ओरडतात. पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देणं, धावता धावता अंग वळवणं, दम राखून पळणं, हे सगळं त्या आधीच शिकून बसलेल्या होत्या. मी फक्त चेंडू हातात दिला.

ओडिशातल्या आदिवासी मुलांचा संघ २००७ मध्ये लंडनला जाऊन चौदा वर्षांखालच्या मुलांची आंतरराष्ट्रीय रग्बी स्पर्धा जिंकून आला, तेव्हा पुष्कळांना तो चमत्कार वाटला. मला वाटत नाही. डोंगर चढून शाळेत येणाऱ्या मुलाच्या पायात जे असतं ते आम्ही रोज बघतो.

२. मुरमाच्या मैदानावर टॅकल शिकवू नये.

हे मी चूक करून शिकलो. पहिल्याच वर्षी मार्चमध्ये, मैदान दगडासारखं कडक झालेलं असताना, मी मुलांना एकमेकांना कमरेला धरून पाडायला शिकवलं. आठवीतल्या एका मुलाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी मी त्याच्या पाड्यावर गेलो. वडील रागावले नाहीत. पाणी दिलं, बसवलं आणि एवढंच विचारलं, "सर, पेरणीपर्यंत हात चालेल ना?" हात चालला, पण तो प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

त्यानंतर आम्ही जुन्या साड्यांचे काठ कापून पट्ट्या केल्या. दोन्ही बाजूंना कमरेला खोचायच्या. समोरच्याने पट्टी ओढली की टॅकल झाला. वर्षातले आठ महिने असंच खेळतो. खरा टॅकल फक्त पावसाळ्यात, चिखल मऊ असताना, आणि तोही आधी गुडघ्यावर बसून. नव्या गावात खेळ न्यायचा असेल तर पहिल्या वर्षी एकाही आईला आपलं लेकरू लंगडताना दिसता कामा नये.

३. हरलेल्याला लगेच घरी पाठवू नये.

माझं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे.

आमच्या मुली पहिल्यांदा बाहेरच्या स्पर्धेला गेल्या, तेव्हा पहाटे चारला निघालो. पाड्यापासून जीप, घाट उतरून पुढे एसटी. दोघींना गाडी लागली. स्पर्धा बाद पद्धतीची होती, म्हणजे हरला तो संपला. सात जणींच्या रग्बीत सात-सात मिनिटांचे दोन डाव असतात. समोरचा संघ वर्षानुवर्षं खेळणारा. आम्ही ३८-० ने हरलो. साडेअकराला परतीच्या बसमध्ये होतो. आठ महिन्यांचा सराव चौदा मिनिटांत आटोपला.

बसमध्ये मी समजूत घालायची तयारी करून बसलो होतो. पण हरल्याचं दुःख कुणाला नव्हतं. शेजारी बसलेल्या मुलीने फक्त विचारलं, "सर, आता परत कधी?"

"पुढच्या वर्षी," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. पुढच्या वर्षी ती शाळेत नव्हती. तिचं लग्न झालं होतं.

जिंकणाऱ्या संघाला त्या दिवशी चार सामने मिळाले, आणि सामन्यांची खरी गरज होती ती हरणाऱ्याला. बाद पद्धतीत नेमकं उलटं होतं: ज्याला येतं त्याला आणखी खेळायला मिळतं, ज्याला येत नाही तो घरी. आयोजकांची अडचण मला कळते. मैदान एक, दिवस एक, पंच मोजके. पण चार-चार संघांचे गट पाडून निदान तीन सामने तरी देता येतात. रग्बीच्या विश्वचषकातही हेच चाललं आहे. १९८७ च्या पहिल्या स्पर्धेत १६ संघ होते, १९९९ पासून २०, आणि २०२७ ला ऑस्ट्रेलियात २४ होणार. चारचे सहा गट. सगळ्यात कच्च्या संघालाही तीन सामने खेळल्याशिवाय विमानात बसता येणार नाही. माझ्या मते संघ वाढवण्यापेक्षाही हे तीन सामने मोलाचे आहेत.

४. मोठी हार लाजेची नाही, पण तिच्यानंतर काय, ते आधी ठरलेलं असावं.

१९९५ च्या विश्वचषकात न्यूझीलंडने जपानला १४५-१७ असं हरवलं. असा आकडा वाचून कुणीही म्हणेल की यांना कशाला बोलावलं. वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१५ मध्ये, इंग्लंडमधल्या ब्रायटनला त्याच जपानने दोन वेळच्या जगज्जेत्या दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ असं हरवलं. २०१९ ला जपानने स्वतःच्या घरी विश्वचषक भरवला, आयर्लंड आणि स्कॉटलंडला हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली.

मधल्या वीस वर्षांत काय झालं ते मी मुलांना फळ्यावर मांडून सांगतो. २००६ पासून जपानला फिजी, सामोआ, टोंगा यांच्याबरोबर पॅसिफिक नेशन्स कपमध्ये नेमाने सामने मिळू लागले. हे देश न्यूझीलंडइतके जबर नव्हेत, पण जपानला घाम फोडतील इतके तयार. विद्यार्थी अभ्यास करतो तो थोड्या अवघड गणिताने. फार अवघड गणित दिलं तर वही मिटतो.

आता आपल्या खो-खोकडे बघा. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला. २३ देश आले, पुरुषांचे २० आणि महिलांचे १९ संघ. दोन्ही चषक आपले. पुरुषांत पुण्याचा प्रतीक वाईकर कर्णधार, महिलांत आपल्या महाराष्ट्राचीच प्रियांका इंगळे. अंतिम सामने आमच्या वसतिगृहात एका मोबाईलभोवती तीस-चाळीस मुलांनी बघितले आणि नंतर तासभर मैदानात कल्ला केला. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं होतं. प्रात्यक्षिकापासून विश्वचषकापर्यंत यायला एवढा काळ गेला. माझा ऊर त्या रात्री भरून आला, हे मोकळेपणाने सांगतो.

पण त्याच स्पर्धेत आपल्या मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं. तो आकडा बघून मला जपानचे १४५ आठवले आणि बसच्या खिडकीतून बाहेर बघणारी माझी मुलगीही. त्या कोरियन मुलींना पुढचा सामना कधी मिळाला असेल, कुणाशी? त्यांच्या जोडीचे संघ त्यांना वर्षातून चार वेळा भेटायला हवेत. त्याची सोय आपण, या खेळाच्या मायघराने, करायला हवी. नेपाळचंच बघा. पुरुषांच्या सलामीच्या सामन्यात त्यांनी भारताला ४२-३७ पर्यंत झुंजवलं, अंतिम सामन्यात ५४-३६. असे आणखी पाच नेपाळ तयार झाले तर खो-खो जगाचा होईल. चषक आपल्या कपाटात राहतो की नाही, याला मी त्यापुढे महत्त्व देत नाही.

५. दार आतून बंद ठेवून खेळ वाढत नाही.

जॉर्जिया हा देश युरोपातल्या दुसऱ्या फळीची रग्बी स्पर्धा जवळजवळ दरवर्षी जिंकतो. २०२२ मध्ये त्यांनी वेल्सला कार्डिफमध्ये १३-१२ असं हरवलं. तरी पहिल्या फळीच्या सहा देशांच्या स्पर्धेत, सिक्स नेशन्समध्ये, त्यांना प्रवेश नाही. तिथे २००० साली इटली आला, त्यानंतर दार उघडलंच नाही.

आपल्याकडेही हे घडून गेलेलं आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा शिल्लक पैशातले २७० चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्या कलकत्ता कपसाठी खेळतात. चांदी आपल्या टांकसाळीतली, चषक तिकडे, आणि खेळ मात्र पुढची शंभर वर्षं मुंबई-कलकत्त्याच्या जिमखान्यांच्या कुंपणाबाहेर फारसा पडला नाही.

६. तारखा गावाला विचारून ठरवाव्या.

दिवाळी झाली की आमच्या भागातली कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातकडे निघतात. लहान भावंडं सांभाळायला थोरल्या मुलीला बरोबर नेतात. डिसेंबरात स्पर्धा ठेवली की माझ्या संघातल्या तीन-चार जणी नसतातच. होळीला तर सगळा सातपुडा घरी परततो, काठी गावची राजवाडी होळी कुणी चुकवत नाही, आणि त्या दिवसांत शाळेचं मैदान ओस पडतं. हे दोन्ही टाळून उरतो तो पावसाळा. घाटात दरड कोसळते, रस्ता बंद होतो, तरी आमच्या मुलांना पुरा संघ घेऊन खेळायला तेवढेच तीन महिने मिळतात.

७. मुलींना आधी.

सप्टेंबर २०२५ मध्ये लंडनला महिलांच्या रग्बी विश्वचषकाचा अंतिम सामना बघायला ८१,८८५ प्रेक्षक आले होते. आपल्या महिलांनी २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरला २१-१९ असं हरवलं, तो पंधरा जणींच्या रग्बीतला भारताचा पहिला विजय. जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग सुरू झाली, परदेशी खेळाडू आले, चेन्नईचा संघ जिंकला. मुलांनी ते सामने डोळे विस्फारून पाहिले. त्या पहिल्या मोसमात सहाही संघ पुरुषांचे होते. आमच्या मुली विचारतात, "आमचे सामने कधी दाखवणार?" हा प्रश्न मी लीग चालवणाऱ्यांपुढे जसाच्या तसा ठेवतो. आमच्याकडे संघ उभा राहिला तो मुलींमुळे, मुलं त्यांचं बघून आली.

मी माझ्यापुरतं काय केलं ते सांगतो. गेली तीन वर्षं आम्ही चार शाळा मिळून जुलैच्या दुसऱ्या शनिवारपासून साखळी सामने खेळतो. बक्षीस नाही, मंडप नाही, फक्कीच्या रेघा पावसाने पुसल्या की पुन्हा मारतो. जेवणाला आमच्या वसतिगृहातली भाजी-भाकरी. घाट बंद झाला तर सामना पुढच्या शनिवारी. प्रत्येक शाळेला तीन सामने ठरलेले, २०२७ च्या विश्वचषकात नवख्या देशाला मिळणार आहेत तेवढेच. पहिल्या वर्षी एक शाळा तिन्ही सामने हरली, तिसऱ्या वर्षी त्याच शाळेने आम्हाला १२-१० असं हरवलं. त्या दिवशी आमच्या मुलींनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं.

तळोदा, शहादा, अक्कलकुवा, नवापूरच्या क्रीडाशिक्षकांनो, यंदा आम्हाला पाचवी आणि सहावी शाळा हवी आहे. संघ कच्चा असला तरी चालेल. चेंडू नसेल तर आमच्याकडे सात आहेत, दोन घेऊन जा. साडीच्या काठाच्या पट्ट्या मुली कापून ठेवतील. सामना सकाळी साडेसातला सुरू होतो, लांबून येणार असाल तर आदल्या रात्री वसतिगृहातच मुक्कामाला या.