वस्तीवर नवं पिल्लू

गेल्या सोमवारी प्रार्थना चालू असताना चौथीच्या रांगेतून 'कुंई कुंई' असा आवाज आला. सगळी रांग फिदीफिदी हसू लागली. जाऊन पाहतो तर एकाच्या दप्तरात, वह्यांच्या वर, जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं कुत्र्याचं पिल्लू! तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका. ओढ्याच्या पुलाखाली कुत्री व्याली होती. ती बाजूला गेलेली पाहून या बहाद्दरानं एक पिल्लू उचललं होतं.

"गुरुजी, आमचा कुत्रा दिवाळीत बिबट्यानं नेला. वस्तीवर राखणीला कोणी नाही," तो म्हणाला. आता यावर रागवायचं तरी कसं?

पिल्लू हातावर घेतलं. डोळे उघडले होते, पण निळसर होते. उभं केलं तर चार पावलांत कलंडलं. हिरड्यांतून पुढचे दात नुकतेच टोचू लागले होते. म्हणजे जेमतेम तीन आठवड्यांचं. मधल्या सुट्टीत मी आणि तो पुलाशी गेलो. कुत्री गुरगुरत होती, म्हणून जवळ न जाता पिल्लू लांबच ठेवलं आणि मागं सरलो. ती आली, हुंगलं, मानेला धरून घेऊन गेली.

परत आल्यावर वर्गानं प्रश्नांचा भडिमार केला. म्हणून या वेळचा भित्तिपत्रकाचा पाठ पिल्लावर.

पहिला प्रश्न होता, "मग कधी आणायचं?" कुत्री साधारण ६३ दिवस गाभण असते. पिल्लू जन्मतं तेव्हा त्याला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. दहा ते चौदा दिवसांत डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात कान काम करू लागतात आणि त्याच सुमारास दुधाचे दात येऊ लागतात. दोन महिन्यांचं होईतो दुधाचे २८ दात पुरे होतात. मग ते पडून कायमचे येतात ते ४२. आपले किती? बत्तीस. म्हणजे कुत्र्याला आपल्यापेक्षा दहा दात जास्त!

पिल्लू आईपासून तोडायचं ते आठ आठवडे पुरे झाल्यावर. दूध हे त्याचं एक कारण. गाय व्याली की वासराला चीक पाजतात, तसंच पिल्लालाही पहिल्या दिवसाच्या दुधातून रोगाशी लढण्याची ताकद मिळते. दुसरं कारण आपल्या लक्षात येत नाही. पिल्लं एकमेकांशी कुस्ती खेळतात, तेव्हा एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ सोडून निघून जातं. चावणाऱ्याला कळतं, इतक्या जोरात चावायचं नसतं. ही त्यांची शाळाच म्हणा. तीन आठवड्यांत उचललेलं पिल्लू या शाळेत बसलेलंच नसतं. ते पुढं माणसालाही कचकन चावतं. आपण म्हणतो, "कुत्रं द्वाड निघालं." द्वाड कशाचं, त्याचं शिक्षण आपणच अर्ध्यावर बंद केलं!

आता निवड. आपल्याकडे वीसनखी पिल्लाला फार मागणी. मोजून पाहा. बहुतेक कुत्र्यांना पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार अशी १८ नखं असतात. काहींना मागच्या पायांना वरच्या बाजूला एकेक जादा नख असतं, त्यांची होतात २०. हे आईबापांकडून येतं, जसे कुणाचे डोळे घारे असतात तसं. त्यावर राखण ठरत नाही. मला विचाराल तर पिल्लू हाकेला पुढं येतं का, डोळे-नाक स्वच्छ आहे का, जुलाब तर नाहीत ना, हे बघा. आणि मादीला नाक मुरडू नका. नर पिल्लं लोक उचलून नेतात आणि माद्या रस्त्यावर राहतात. राखणीला मादीही तितकीच चांगली असते. पिल्लं नको असतील तर पशुवैद्यक तिचं ऑपरेशन करतात. काही जण पिल्लू तिखट व्हावं म्हणून कान, शेपूट कापतात. त्यानं ते तिखट होत नाही, जखम तेवढी चिघळते.

पिल्लू आणताना शक्य तर आईच्या अंथरुणाचा एखादा चिंधीतुकडा बरोबर आणा. पहिल्या दोन-तीन रात्री ते रडणारच. तो तुकडा गोणपाटावर टाकला आणि माणसाच्या जवळपास निजवलं तर लवकर गप्प होतं. रडतं म्हणून मारू नका.

खाणं थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. भाकरी वरणात किंवा पातळ ताकात कुस्करून, उकडलेलं अंडं, कांदा-मसाला न घातलेलं मटणाचं पाणी. म्हशीचं दाट दूध एकदम भरपूर दिलं तर जुलाब होतात. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेट ही कुत्र्याला विषासारखी आहेत, म्हणजे आपलं रश्श्याचं उरलंसुरलं त्याच्यापुढं ओतायचं नाही. शिजवलेल्या कोंबडीचं हाड फुटून त्याचे टोकदार तुकडे होतात, ते आतड्यात रुततात. बोकड कापल्यावर कच्ची आतडी-फुफ्फुसं कुत्र्याला टाकतात, तेही बंद करा. त्यातून एक जंत कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी माणसाच्या पोटात गेली तर काळजावर गाठी होतात. काळीज म्हणजे इथं यकृत, बरं का!

पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं दिसलं की आजी म्हणते, "कसं गुबगुबीत झालंय!" पुष्कळदा ते जंत असतात. जंताचं औषध दवाखान्यातून आणून वेळच्या वेळी द्यावं लागतं आणि पिल्लाशी खेळल्यावर हात साबणानं धुवावे लागतात. गोचिड झाले तर फवारणीचं औषध अंगाला चोळू नका. असलं औषध पिल्लू अंग चाटताना पोटात घेतं आणि तडफडून मरतं. उंदरांसाठी ठेवलेल्या गोळ्यांचंही तसंच. बिनकठड्याच्या विहिरीकडं तर त्याला मोकळं सोडूच नका.

गोठ्याशी ओळख हळूहळू करून द्या. तीन ते बारा-चौदा आठवडे या वयात पिल्लू जे जे पाहतं ते त्याला आपलं वाटतं. या काळात दोरीला धरून कोंबड्या, शेळ्या, बैल, ट्रॅक्टर, डोक्यावर भारा घेतलेली माणसं, सगळं दाखवा. नंतर ते कोंबड्यांमागं कमी धावेल. मात्र नुकत्या व्यालेल्या गाईजवळ नेऊ नका. एक लाथ बसली तर संपलं.

आणि बिबट्या. आपल्या जुन्नर भागात उसात बिबट्या राहतो हे तुम्हाला मी काय सांगणार? शेजारच्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा गोळा करून, त्यातले केस तपासून तो काय खातो ते शोधलं. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे ज्याला आपण राखणीला ठेवतो तेच त्याचं आवडतं जेवण! अंगणात साखळीला बांधलेलं पिल्लू ना पळू शकतं, ना लढू शकतं. म्हणून रात्री ते आत, छपराखाली, दार किंवा मजबूत जाळी लावून ठेवा. मोठं झाल्यावरही ते भुंकून आपल्याला उठवील, तेवढंच त्याचं काम. बिबट्याशी लढणं हे त्याचं काम नव्हे. आणि भुंकलं म्हणून तुम्ही अंधारात एकटे बाहेर पडू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. मी पाचवीत असताना आमच्या शेजारच्या वस्तीवर एक मुलगा होता. माझ्याहून वर्षानं लहान. त्यानं रस्त्यावरचं अडीच-तीन महिन्यांचं पिल्लू आणलं होतं. खेळताना ते त्याच्या बोटाला चावलं. थोडंसं रक्त आलं. घरी सांगितलं तर मार बसेल आणि पिल्लू टाकून देतील, म्हणून त्यानं चिंधी बांधली आणि मला शपथ घातली. चार दिवसांनी पिल्लू मेलं. आम्ही दोघांनी ते बांधावर पुरलं. मी शपथ पाळली. दोन महिन्यांनी त्याला ताप आला, हात झिणझिणू लागला, मग पाण्याचा पेला पाहिला की घसा आवळू लागला. घरच्यांनी आधी देवऋष्याकडं नेलं, मग तालुक्याला. डॉक्टरांनी बोट पाहून विचारलं, "कुत्रं कधी चावलं होतं?" तो गेला तेव्हा नऊ वर्षांचा होता. ती शपथ मोडली असती तर, हे मी आजही स्वतःला विचारतो.

हा रोग म्हणजे रेबीज, आपण ज्याला पिसाळणं म्हणतो तो. कुत्र्याच्या लाळेतून तो जखमेत शिरतो आणि नसांच्या वाटेनं मेंदूकडं चालत जातो. या प्रवासाला बहुधा एक ते तीन महिने लागतात. मेंदूत पोचल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण वाटेत असतानाच लस दिली तर माणूस वाचतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांच्या लशीनं जोसेफ माइस्टर नावाच्या मुलावर उपचार सुरू झाले. दोन दिवसांपूर्वी त्याला कुत्रं चावलं होतं. तोही नऊ वर्षांचाच होता. तो वाचला.

म्हणून कुत्रं चावलं, दातानं ओरखडलं किंवा जखमेवर चाटलं, मग ते पिल्लू असो, घरचं असो, लस टोचलेलं असो, आधी जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा म्हणजे पंधरा, घड्याळ लावून. शेतात असाल तर मोटारीच्या पाइपाखाली धरा. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. घट्ट पट्टी नको. मग त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून घराघरांत आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात इंजेक्शनं देतात, आणि पहिल्या दिवसाला शून्य धरून ती ०, ३, ७ आणि २८ या दिवशी असतात. दंडाच्या स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही असतो. जखम खोल असेल तर जखमेतही एक औषध भरतात. डॉक्टर सांगतील तो प्रत्येक दिवस पुरा करायचा. चावणारं कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवायचं, पण इंजेक्शन घ्यायला ते दहा दिवस थांबायचं नाही.

पिसाळलेलं कुत्रं प्रत्येक वेळी धावून येतंच असं नाही. काही वेळा ते अंधाऱ्या कोपऱ्यात बसून राहतं, जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो. लोकांना वाटतं घशात हाड अडकलं, आणि ते तोंडात हात घालतात. गाय-बैलालाही हा रोग होतो. गुरू लाळ गाळत विचित्र हंबरत असेल तर घशात हात घालू नका, पशुवैद्यकांना बोलवा. हे वडिलांनाही वाचून दाखवा.

पिल्लाला रेबीजची लस तीन महिन्यांचं झाल्यावर टोचतात, नंतर दरवर्षी. त्याआधी सहा-आठ आठवड्यांपासून पार्व्हो वगैरे रोगांची लस असते. पार्व्हो म्हणजे उलट्या आणि रक्ताचे जुलाब, त्यात पुष्कळ पिल्लं दगावतात.

चौथीच्या त्या बहाद्दरानं वर्गाच्या कॅलेंडरवर दोन तारखांना लाल गोल केले आहेत. एक पिल्लू आणायची, आठ आठवडे पुरे होतात ती. दुसरी त्यानंतर पाच आठवड्यांची, लशीची. तोवर तो रोज पुलाच्या कठड्यावरून पिल्लं मोजून येतो. काल तीन होती.

— वर्गशिक्षक, इयत्ता ४ थी