केबल मोडेमची रोजकीर्द

घरातील इंटरनेट बंद पडले की आपण बहुतेकजण एकच उपाय करतो. मोडेम बंद करावयाचा, दहापर्यंत आकडे मोजावयाचे आणि पुन्हा चालू करावयाचा. पुष्कळदा काम भागते, म्हणून तेच औषध समजण्याची सवय लागते. परंतु दोष कोठे आहे हे सांगणारे काही आकडे या बंद-चालू करण्यात शून्यावर जातात. हिशेब जुळत नाही म्हणून वही फाडून नवी घालणाऱ्या कारकुनाला कोणी नोकरीवर ठेवीत नाही. येथे मात्र आपण नेमके तेच करतो.

हा लेख केबल मोडेमपुरता आहे, म्हणजे टीव्हीला येते त्याच जाड गोल तारेतून जेथे इंटरनेट येते तेथे. आता अनेक घरी फायबर आले आहे. तेथील पेटी निराळी व तिचे दिवेही निराळे. केबल मोडेमचे 'डॉक्सिस' नावाचे नियम १९९७ साली अमेरिकेत ठरले व पुढे त्यांच्याच सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. त्यामुळे मोडेम कोणत्याही कंपनीचा असो, त्याची चाल एकच असते.

चालू होताच मोडेम प्रथम केंद्राकडून येणारा सिग्नल शोधतो. तो सापडला की उलट केंद्राशी बोलून स्वतःचा आवाज किती ठेवावयाचा ते ठरवून घेतो. मग पत्ता मिळवतो, आपल्या जोडणीची फाईल उतरवून घेतो आणि शेवटी नाव नोंदवतो. समोरचे दिवे साधारण याच क्रमाने स्थिर होतात. पहिलाच लुकलुकत राहिला तर सिग्नल येतच नाही. दुसऱ्यावर गाडी अडली तर मोडेमला ऐकू येते, पण त्याचे बोलणे केंद्रापर्यंत पोचत नाही. सगळे दिवे स्थिर असूनही पान उघडत नसेल, तर वाय-फाय सोडून संगणक तारेने थेट मोडेमला जोडावा. तसे चालले तर दोष राउटरकडे. अनेक जोडण्यांत मोडेम प्रथम भेटलेल्या यंत्राचीच ओळख धरून बसतो, म्हणून यंत्र बदलल्यावर तो एकदा बंद-चालू करावा लागतो. त्या बटणाचा हा एक रास्त उपयोग, पण आधी आकडे उतरवून घ्यावेत.

हे आकडे मिळतात कोठे? ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की बहुतेक केबल मोडेम आपले पान दाखवतात, आणि इंटरनेट बंद असतानाही दाखवतात. काही पुरवठादार ते ग्राहकाला दिसू देत नाहीत, हे मला मुळीच पसंत नाही. येणाऱ्या सिग्नलची पातळी तेथे डीबीएमव्ही या मापात असते. उणे ७ ते अधिक ७ ही चांगली समजावी. सिग्नल व गोंगाट यांतील अंतर ३३ डेसिबलच्या वर असावे. मोडेमचा स्वतःचा आवाज ५० च्या आसपास गेला असेल तर बिचारा ओरडून ओरडून थकला आहे. त्याच पानाजवळ नोंदवही असते. 'टी-३' म्हणजे मोडेमने हाक मारली पण उत्तर आले नाही. 'टी-४' म्हणजे सुमारे ३० सेकंद थांबूनही बोलण्याची पाळीच मिळाली नाही. काही नोंदींवर १ जानेवारी १९७० ही तारीख दिसते, तिने गोंधळू नये. केंद्राकडून वेळ कळण्यापूर्वी मोडेमचे घड्याळ तेथूनच मोजू लागते.

आता थोडे अंकगणित. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते. एका तारेच्या दोन करणारा स्प्लिटर सुमारे साडेतीन डेसिबल खातो, चार करणारा सुमारे सात. पुण्यात माझ्या मावशीकडे दाराशी दोन तोंडांचा आणि दिवाणखान्यात चार तोंडांचा असे दोन स्प्लिटर होते, व मोडेम दुसऱ्याच्या मागे. म्हणजे साडेदहा डेसिबलची कपात, शक्तीच्या भाषेत अकरांशापेक्षाही कमी शिल्लक! शिवाय उलट दिशेने तेवढाच आवाज मोडेमला जास्त काढावा लागे. मावसभावाची ऑनलाइन परीक्षा चार दिवसांवर आली होती आणि सगळे मोडेमलाच नावे ठेवीत होते. मोडेम पहिल्या स्प्लिटरवर आणताच त्याचा आवाज ५२ वरून ४५ वर उतरला व टी-३ च्या नोंदी थांबल्या. नवा मोडेम घेण्याचा बेत रहित झाला, हे सांगावयास नकोच.

सैल जोड हा दुसरा, आणि माझ्या मते अधिक उपद्रवी, चोर. मोडेमचे बोलणे ५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या खालच्या पट्ट्यातून जाते, आणि मिक्सर, मोटारी, खराब दिवे यांचा गोंगाटही तेथेच जास्त. सैल जोडातून तो तारेत शिरतो. गल्लीतील सर्व घरांच्या तारा एका ठिकाणी मिळत असल्यामुळे सर्वांचा गोंगाट तेथे एकत्र होतो, आणि आपल्या सैल जोडाचा त्रास चार घरे पलीकडच्या माणसाला होऊ शकतो! जोड हाताने घट्ट करावेत, स्प्लिटरचे रिकामे तोंड ७५ ओहमच्या टोपीने बंद करावे. बाहेरच्या जोडात पाणी शिरले की दोष पावसात दिसतो व ऊन पडल्यावर नाहीसा होतो. म्हणून तार घरात शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन सोडावी, म्हणजे पाणी तेथूनच गळून जाते.

एवढे करूनही भागले नाही तर तक्रार करणे आलेच. 'नेट येत नाही' किंवा 'नेट बर्तिल्ल' एवढेच सांगितले तर पलीकडून दोन्ही भाषांत एकच उत्तर येते : बंद करून चालू करा. त्याऐवजी सगळे स्प्लिटर काढून मोडेम थेट घरात येणाऱ्या मुख्य तारेला जोडावा व तेथील पातळी, मोडेमचा आवाज आणि टी-३ च्या वेळा लिहून घ्याव्यात. तेथेही आकडे वाईटच असतील तर दोष घराबाहेर, म्हणजे खांबाकडे आहे, आणि माणूस शिडी घेऊनच पाठवा असे त्यांना सांगता येते.