कान तपासलेस, आता डोळेही तपास

तुझ्या लेकाला कानाचं मशीन मिळालं, छान झालं. पण मशीन लावूनही तो तुझ्या तोंडाकडे बघत नाही, दिवेलागण झाली की अडखळतो, हे तू जाताजाता बोलून गेलीस न, त्यावरच मला बोलायचं आहे. घाबरवायला नाही, बाई. पण ज्याचे कान कमजोर त्याचे डोळे, आणि ज्याचे डोळे कमजोर त्याचे कान, नीट तपासून घेतलेच पाहिजेत. भेटेल त्या आईला मी हे सांगते, तुला तर सांगणारच.

आपल्याकडे होतं असं, की मूल एका विभागात जातं आणि तिथंच राहतं. कानाचे डॉक्टर कान बघतात, डोळ्यांचे डोळे. मग ते बोलत नाही, शिकत नाही, चिडतं, की शेजारीपाजारी आणि कधी घरचेही त्याला सरळ मतिमंद ठरवून मोकळे होतात. खरं तर त्याच्यापर्यंत काही पोचतच नसतं. ऐकू न येणारं मूल डोळ्यांनी भागवतं, न दिसणारं कानांनी. ज्याचं दोन्हीकडे अपुरं, त्यानं कशानं भागवायचं? आणि दोन्ही पूर्णच गेलेलं असतं, असंही नाही. अशा बहुतेक मुलांना थोडं दिसतं, थोडं ऐकू येतं. म्हणूनच तर ती नजरेतून सुटतात.

कुठल्या बाळावर जास्त लक्ष ठेवायचं? गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला असेल, तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयाचा दोष असं सगळं एकत्र येऊ शकतं. तान्ह्या बाळाच्या बुबुळात पांढरं दिसलं तर एक दिवसही थांबू नये. ते ऑपरेशन पहिल्या दोन-तीन महिन्यांत झालं तर नजर वाचण्याची आशा मोठी. त्याच फेरीत कान आणि हृदयही तपासायला सांगावं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, म्हणजे ३४ आठवड्यांआधीचं किंवा दोन किलोपर्यंत वजनाचं, त्याच्या डोळ्यांचा पडदा तीस दिवसांच्या आत बघून घ्यायचा असतो. काचेच्या पेटीत राहिलेल्या किंवा मेंदूज्वर झालेल्या बाळाची कानाची बेरा तपासणी टाळू नये.

तुझ्या लेकासाठी मात्र मला दुसरीच शंका येते. अशर सिंड्रोम नावाचा आनुवंशिक आजार असतो. त्यात बहुतेकदा जन्मतः ऐकू कमी येतं आणि पुढे, पुष्कळदा शाळेच्या वयात, रातांधळेपणा सुरू होऊन बाजूची नजर आकसत जाते. जवळच्या नात्यातल्या लग्नांत असे आजार जास्त दिसतात, आणि आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे, तुला ठाऊकच आहे. हे असेल असं मी म्हणत नाही. तपासल्याशिवाय कळणार नाही, एवढंच. ‘चष्म्याचा नंबर नाही’ एवढ्यावर परत येऊ नकोस. थेंब टाकून पडदा तपासा, असं स्पष्ट म्हण. आणि आज ठीक निघालं तरी दरवर्षी दाखव.

आता कागदाचं. सासूबाई म्हणतात, अपंगत्वाचं सर्टिफिकेट काढलं की शिक्का बसतो, उद्या धाकटीच्या लग्नाला आड येईल. त्यांची काळजी मला समजते, पण मी हे अजिबात मान्य करणार नाही. १९९५ च्या अपंग कायद्यात अंध होते, कर्णबधिर होते, पण दोन्ही असलेल्या मुलाचं नावच नव्हतं. २०११ च्या जनगणनेतही त्याला वेगळा रकाना नव्हता. २०१६ च्या कायद्यात कुठे बहुविकलांगतेखाली ‘बधिरांधत्व’ लिहिलं गेलं. शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण करा, असंही तोच कायदा सांगतो. इतक्या वर्षांनी जागा मिळाली, आणि आपण लेकराचं नाव लपवून ठेवायचं?

यूडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन भरताना नुसतं कर्णबधिर लिहून मोकळी होऊ नकोस. नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलात बोर्डापुढे जाशील तेव्हा कानाचे आणि डोळ्यांचे रिपोर्ट एकाच फाइलीत ने, आणि दोन्हींची टक्केवारी एकत्र काढायची विनंती कर. ती बेरीज साधी नसते, सूत्रानं निघते. समज, एक ६० टक्के आणि दुसरं ४५, तर एकत्रित ७५ होतं. ४० किंवा त्याहून जास्त निघालं की कायद्याचे बहुतेक लाभ लागू होतात: १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, पुढे नोकरीत आरक्षण. फार तीव्र असेल तर घरी येऊन शिकवण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत लाखापर्यंतचा आरोग्य विमाही आहे. लहान मुलांना बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव.

धावपळ एकटीनं काहून करतेस? अंगणवाडीत वर्षातून दोनदा मुलांच्या आरोग्य तपासणीचं सरकारी पथक (आरबीएसके) येतं, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच ते आहे. ताईंना आधी सांगून ठेव. पुनर्वसनासाठी नागपुरातच सीआरसी हे केंद्र आहे, तिथं विचार.

आणि शिकेल का, हा प्रश्न तुला रात्री छळतो, हे मला माहीत आहे. शिकतो गं. बेरोज वाच्छांनी १९७७ मध्ये मुंबईत हेलन केलर संस्था सुरू केली, तेव्हा देशात अशा मुलांसाठी दुसरी शाळा नव्हती. हाताला स्पर्श करून, तळहातावर खुणा करून, ब्रेलमधून तिथली मुलं शिकली. तूही घरी आजपासून सुरुवात कर. जवळ जाताना दरवेळी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेव, म्हणजे आई आली हे कळेल. जेवणाआधी चमचा हातात दे, आंघोळीआधी टॉवेल. रोज तेच, त्याच क्रमानं.

जाऊबाईंना दुसरं मूल हवंय म्हणालीस न? त्यांना रुबेलाच्या लशीबद्दल डॉक्टरांना आधीच विचारायला सांग. गरोदरपणात ती घेता येत नाही. आणि तू पुढचा सोमवार वाया घालवू नकोस. मशीनचे कागद घे, लेकराला घे आणि डोळ्यांच्या ओपीडीत जा.