संगणकाचा द्वारपाल : बूट मॅनेजरच्या मर्यादा व सुधारणा

संगणक बंद असतो तेव्हा त्याची मुख्य स्मृती रिकामी असते. यंत्राचा सर्व कारभार पाहणारी प्रचालन प्रणाली हार्ड डिस्कवर साठवलेली असते. परंतु डिस्कवरून काही वाचायचे, तर वाचणारी आज्ञावली आधी स्मृतीत हवी. ती आज्ञावली तरी कोठून आणावी? स्वतःच्या बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलण्याच्या कल्पनेवरून या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. हे कोडे सोडवणाऱ्या आणि एकाच यंत्रावर अनेक प्रणाली असतील तर त्यांतून निवड करू देणाऱ्या आज्ञावलीला बूट मॅनेजर म्हणतात. तिच्या मर्यादा कोठून आल्या आणि एकेक मर्यादा दूर करताना काय किंमत द्यावी लागली, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

आयबीएम कंपनीचा वैयक्तिक संगणक १९८१ मध्ये बाजारात आला. १९८३ मध्ये त्याच्या डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीने हार्ड डिस्कची सोय केली आणि त्याबरोबर डिस्कच्या आरंभाची एक मांडणी रूढ झाली. बायॉस ही यंत्रातील चिपमध्ये कायम कोरलेली आज्ञावली डिस्कचा केवळ पहिला सेक्टर, म्हणजे ५१२ बाइट, स्मृतीत आणते आणि कारभार त्याच्या हाती सोपवते. या ५१२ पैकी ६४ बाइट विभागांच्या तक्त्याला लागतात व २ बाइट खुणेला. आज्ञावलीसाठी ४४६ बाइट उरतात. मराठीचा एक लहानसा परिच्छेदही एवढ्या जागेत मावत नाही. साहजिकच या इवल्या आज्ञावलीचे काम एवढेच असते, की आपल्याहून मोठ्या आज्ञावलीला बोलवावे.

लिनक्स प्रणालीबरोबर प्रथम प्रचारात आलेल्या ‘लिलो’ या बूट मॅनेजरने जागेच्या टंचाईवर साधा तोडगा काढला. फाइल म्हणजे काय, हे त्याला मुळीच कळत नसे. प्रणालीचा गाभा डिस्कच्या कोणकोणत्या तुकड्यांत आहे, याची यादी आधीच तयार करून तो ठेवी व त्याबरहुकूम तुकडे उचली. नवा गाभा बसवल्यावर ही यादी पुन्हा करण्याचे विसरले, की पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नसे. डिस्कवरील सर्व माहिती शाबूत असे, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद होई. लिलो सुरू होताना पडद्यावर त्याच्या नावाची चार रोमन अक्षरे एकामागून एक उमटत. किती अक्षरे उमटून यंत्र थांबले, यावरून बिघाड कोणत्या टप्प्यावर झाला ते जाणकार ओळखत.

दुसरी मर्यादा बायॉसची होती. डिस्कवरील वर्तुळाकार पट्ट्यांच्या संचाला सिलिंडर म्हणतात. बायॉसच्या जुन्या पद्धतीत सिलिंडरच्या क्रमांकासाठी १० बिट राखलेले होते, म्हणून १०२४ सिलिंडरांपलीकडचे काहीही वाचता येत नसे. सर्व आकडे जास्तीत जास्त धरले तरी ही सीमा सुमारे ८.४ अब्ज बाइटांवर संपते. डिस्का त्याहून मोठ्या झाल्या, तेव्हा प्रणालीचा गाभा आरंभीच्या लहान विभागात ठेवण्याची चाल पडली. पुढे बायॉसमध्ये सेक्टरांना सलग क्रमांक देणारी नवी पद्धत आली, लिलोनेही ती स्वीकारली आणि ही अडचण सरली.

एरिक बोलिन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रब’ने वेगळी वाट धरली. त्याला फाइलींची मांडणी समजत असे, म्हणून गाभा बदलला तरी यादी पुन्हा करण्याचे कारण नव्हते. मात्र हे ज्ञान ४४६ बाइटांत मावणारे नव्हते. पहिला सेक्टर व पहिला विभाग यांमध्ये रिवाजाने ६२ सेक्टर, म्हणजे सुमारे ३१ किलोबाइट, मोकळे राहत. ग्रबचा पुढचा भाग तेथे वसला. ही जागा कोणाच्याही नावावर नव्हती. दुसरी एखादी आज्ञावली तेथे लिहू लागली, की ग्रब मोडून पडे. पुढे ग्रबचे संपूर्ण पुनर्लेखन झाले आणि २०१२ मध्ये त्याची २.०० ही आवृत्ती निघाली.

जुन्या तक्त्यात मुख्य विभाग चारच असत, आणि सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्यामुळे सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपुढे तो पोहोचत नसे. यूईएफआय ही नवी व्यवस्था व तिच्यासोबतचा ६४ बिटांचा तक्ता यांनी हे बंधन तोडले. या व्यवस्थेत यंत्राची कायम आज्ञावली स्वतःच एका राखीव विभागातील फाइल वाचते. बूट मॅनेजर आता त्या विभागातील एक फाइल झाला आणि जागेची टंचाई संपली.

तथापि जागा वाढली तसे ज्ञान वाढले, आणि ज्ञानाबरोबर दोषांना वावही वाढला. २०१२ नंतर ‘सिक्युअर बूट’ची पद्धत पसरली, तिच्यात अधिकृत सही असलेलीच आज्ञावली चालू दिली जाते. २०२० मध्ये असे आढळले, की ग्रब ज्या फाइलीतून आपल्या सूचना वाचतो, तिच्यात विशिष्ट मजकूर घातल्यास ही सारी राखण निष्फळ होते. सही आज्ञावलीवर होती, सूचनांच्या फाइलीवर नव्हती. दोष दुरुस्त करणे फारसे कठीण नव्हते. कठीण होते ते सही झालेल्या जुन्या प्रती बाद ठरवणे, कारण बाद प्रतींची यादी ठेवण्यास यंत्रात जागा थोडी. म्हणून प्रत्येक प्रतीऐवजी पिढीचा क्रमांक नोंदवण्याची योजना पुढे आली. दुरुस्तीच्या त्या धांदलीत काही यंत्रे सुरू होईनाशी झाली, हेही नमूद केले पाहिजे.

काही उणिवा मात्र बूट मॅनेजरच्या स्थानामुळेच उद्‌भवतात. मागील निवड लक्षात ठेवण्यासाठी ग्रब १०२४ बाइटांची एक फाइल वापरतो. तिच्यातील मजकूर तो जागच्या जागी बदलतो, फाइल मोठी करू शकत नाही. डिस्कच्या काही मांडण्यांत तर त्याला लिहिताही येत नाही. २०२१ च्या २.०६ आवृत्तीत गुप्तलिपीतील डिस्कचा नवा प्रकार उघडण्याची सोय झाली. पण मुद्दाम पुष्कळ स्मृती खर्च करणारी परवलीच्या शब्दाची नवी रीत तिच्यात नव्हती.

यावरून ध्यानात येईल, की येथे प्रत्येक सुधारणा म्हणजे एक सौदा असतो. लिलोला थोडे कळे, म्हणून तो विसराळू माणसाला अडवी. ग्रबला पुष्कळ कळते, म्हणून त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो. ‘सिस्टेमडी-बूट’सारख्या नव्या बूट मॅनेजरांनी पुन्हा साधेपणाकडे वळून फाइली वाचण्याचे काम यूईएफआयवरच सोपवले आहे. त्याबदली गाभा यूईएफआयला वाचता येईल अशाच विभागात ठेवण्याची अट पाळावी लागते. कोणताही सौदा पत्करला, तरी बूट मॅनेजर बदलण्यापूर्वी यंत्र बाहेरून सुरू करता येईल अशी डिस्क किंवा पेन ड्राइव्ह तयार ठेवणे हिताचे असते. कारण हा द्वारपाल अडला, तर घरातील सर्व ऐवज सुरक्षित असूनही मालक बाहेरच राहतो.