*पुढच्या चाकातला आवाज : आधी ऐकू, मग पाना लावू*

*आजचा अभ्यास* 🙏



आपल्या गटांत अनेक घरी आठ-दहा वर्षं वापरलेली गाडी आहे. अशी गाडी एक दिवस पुढून 'खट्‌' असा आवाज करायला लागते. आठवडाभर आपण दुर्लक्ष करतो. मग गॅरेजला नेतो, आणि नेमका तिथे आवाज येत नाही! पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. अंदाजाने एक पार्ट बदलतात, मग दुसरा, मग तिसरा. आज हाच विषय घेऊ. ज्यांना गाडीतलं काही कळत नाही त्यांनीही वाचावं, कारण आवाज शोधण्याचं अर्धं काम पान्याने नाही, कानाने होतं.

*१. आधी ओळख करून घेऊ*

बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या प्रत्येक चाकामागे एक उभा खांब असतो. आत शॉकअप आणि त्याभोवती स्प्रिंग. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरच्या नावावरून या रचनेला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. खांबाच्या वरच्या टोकाला, बॉनेटखाली, रबरी माउंट आणि बेअरिंग असतं. खाली लोअर आर्म असतो. त्याचं एक टोक रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला आणि दुसरं टोक बॉल जॉइंटने चाकाच्या बाजूला जोडलेलं असतं. स्टेअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारा तो टाय रॉड. शिवाय डावी-उजवी बाजू जोडणारा एक आडवा दांडा असतो, स्टॅबिलायझर बार. वळणावर गाडी जास्त कलू नये हे त्याचं काम. बऱ्याच गाड्यांत त्याच्या दोन्ही टोकांना छोट्या लिंक असतात.

या सगळ्यात जिथे रबर आहे किंवा गोळीचा सांधा आहे, तिथेच झीज होते. म्हणजे शोधायची ठिकाणं मोजकीच आहेत.

*२. कान फसतो, हे लक्षात ठेवू*

लोखंडातून आवाज दूरवर जातो. डाव्या चाकातली खडखड उजव्या पायाखाली ऐकू येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी गत. म्हणून 'कुठून येतो' या प्रश्नाआधी *'कधी येतो'* हा प्रश्न विचारायचा. जागा फसवते, वेळ सहसा फसवत नाही.

एका वहीत चार दिवस एवढंच लिहा : वेग किती होता, रस्ता कसा होता, स्टेअरिंग सरळ की वळलेलं, ब्रेकवर पाय होता का, गाडी नुकती सुरू केली होती की तापलेली. शेजारी बसणाऱ्याने लिहावं, चालवणाऱ्याने नाही. 'पुढून काहीतरी वाजतंय' असं सांगण्यापेक्षा ही वही मेस्त्रींना फार उपयोगी पडते.

*३. आवाज काय सांगतो?*

▪️ *खराब रस्त्यावर हळू जाताना बारीक खटखट* : बहुधा स्टॅबिलायझर लिंक किंवा त्या दांड्याचं बुश. ताडून बघायला सोपं आहे. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तर दांडा पिळला जात नाही आणि आवाज कमी येतो. तोच स्पीडब्रेकर हळू, तिरका ओलांडा. आवाज वाढला तर संशय लिंककडे.

▪️ *जागेवर स्टेअरिंग फिरवताना 'टंग' आणि स्प्रिंग उडी मारल्यासारखी* : वरचं माउंट किंवा बेअरिंग.

▪️ *स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना कट-कट-कट* : हा सस्पेन्शनचा नाही, चाकाला ताकद देणाऱ्या एक्सलच्या सांध्याचा आवाज. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं आहे का आणि रबरी टोपी फाटली आहे का, बघा.

▪️ *ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकच 'ठप्प'* : लोअर आर्मचं बुश.

▪️ *खडखड येते, पण ब्रेकवर हलका पाय ठेवला की थांबते* : ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल.

▪️ *वेगाबरोबर वाढणारी घरघर, जी वळणावर कमी-जास्त होते* : चाकाचं बेअरिंग.

▪️ *गाडी दबताना कुरकुर* : कोरडं पडलेलं रबर. त्या बुशवर थोडं पाणी मारा. आवाज तात्पुरता गेला तर जागा सापडली. रबरावर इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मात्र लावू नका, त्याने रबर फुगतं आणि खराब होतं.

*४. घरी काय तपासता येईल?*

पहिलं काम, *चाकांचे नट घट्ट आहेत का ते बघा.* नुकतं पंक्चर काढलं असेल तर नक्कीच.

दुसरं, डिकी आणि डॅशबोर्ड रिकामे करा. सैल जॅक, पाना, पाण्याची बाटली, नंबर प्लेट, इंजिनखालचं प्लास्टिक. काखेत कळसा नि गावाला वळसा असं बरेचदा होतं.

तिसरं, *गाडीचं शेवटचं काम कुठलं झालं* ते आठवा. आवाज त्यानंतर सुरू झाला असेल, तर जे उघडलं होतं तिथूनच शोध सुरू करा.

चौथं, बॉनेटचा कोपरा जोराने दाबून सोडा. गाडी एक-दीड हेलकाव्यात स्थिर व्हायला हवी. डोलत राहिली तर शॉकअप संपला. खांबावर तेलाचे ओघळ असतील तर तीही खूण.

पाचवं, समुद्राजवळ राहणाऱ्यांनी स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेटोळा बॅटरी लावून बघावा. गंजून तिथलं टोक तुटतं आणि बैठकीत लपून राहतं.

गाडीखाली *नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून कुणीही शिरू नये.* हा नियम घरातल्या मुलांनाही सांगा.

*५. गॅरेजमध्ये काय विचारायचं?*

गाडी उचलून स्टँडवर ठेवल्यावर चाक घड्याळासारखं समजा. १२ आणि ६ वर हात धरून हलवलं आणि चाक डुललं, तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आता एकाने ब्रेक दाबून धरायचा. डुलणं थांबलं तर बेअरिंग, तरीही राहिलं तर बॉल जॉइंटकडे बघायचं. ३ आणि ९ वर डुललं तर टाय रॉडचं टोक तपासायचं.

समजा, बेळगावच्या एका घरच्या गाडीत खराब रस्त्यावर खटखट आहे. शॉकअप बदलायचा सल्ला मिळाला. त्याआधी मेस्त्रींना विनंती करावी, 'दोन्ही लिंक तात्पुरत्या सोडा आणि त्याच रस्त्यावर हळू चक्कर मारून बघू.' खटखट गेली, तर शॉकअपचा मोठा खर्च वाचला. नाही गेली, तर एक शक्यता खात्रीने बाद झाली. *एका वेळी एकच गोष्ट बदलायची*, नाहीतर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

आणखी दोन गोष्टी. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायला हवेत. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दुसरं, शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. शॉकअप, आर्म किंवा टाय रॉडचं काम झालं की व्हील अलाइनमेंट करून घ्यावं.

*६. कुठला आवाज थांबू देत नाही?*

लिंकची खटखट त्रासदायक आहे, पण काही दिवस निभावते. बॉल जॉइंट आणि टाय रॉडचं तसं नाही. बॉल जॉइंट निखळला तर चाक मुडपतं. टाय रॉड सुटला तर ते चाक स्टेअरिंगचं ऐकत नाही. चतुर्थीला चोर्ला घाटातून गोव्यात उतरणारं कुटुंब असो, की इंदूरहून बिजासन घाट उतरून धुळ्याकडे येणारं, या दोन सांध्यांत ढिलेपणा असेल तर गाडी घाटात नेऊच नये. स्टेअरिंग एका बाजूला ओढत असेल, सैल वाटत असेल किंवा आवाज एकाएकी मोठा झाला असेल, तर गाडी तिथेच बाजूला घ्या आणि टो करून न्या. कार्यक्रमाला उशीर झाला तरी चालेल.

*घरात मिळून करायचा अभ्यास*

१) आपल्या गाडीचे नट शेवटचे कधी तपासले?
२) पुढून आवाज येत असेल, तर तो *कधी* येतो हे घरातल्या दोघांनी वेगवेगळं लिहा आणि मग पडताळून पाहा. जुळतं का?
३) बॉनेट दाबून बघा. किती हेलकावे येतात?

प्रवासाच्या आदल्या रात्री नको, आठ दिवस आधी करा. म्हणजे काही सापडलं तर दुरुस्तीला वेळ राहील. हा लेख आपल्या घरच्या गटात, विशेषतः गाडी चालवणाऱ्या मुला-मुलींना, जरूर पाठवा.