तुमच्या लॅपटॉपच्या पोटात काय आहे?

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

गोष्ट मागच्या सेमिस्टरची. रूममेटचा लॅपटॉप फारच स्लो झाला होता. "दे, मी फॉरमॅट मारते," मी मोठ्या ऐटीत म्हटलं. दुसऱ्या दिवशी दहाला तिचा प्रोजेक्ट डेमो. रात्री अकराला विंडोज चढलं आणि वाय-फाय गायब! नेटसाठी ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हरसाठी नेट. तिचं निम्मं सॉफ्टवेअर नेटवरूनच परत टाकायचं होतं. शेजारच्या खोलीतून पेन ड्राइव्हवर ड्रायव्हर आणला, अगदी त्याच मॉडेलचा. तरी चालेना. तिचा चेहरा बघवत नव्हता.

चुकलं कुठे? खालचं स्टिकर लॅपटॉपचं मॉडेल सांगतं, आतलं कार्ड नाही. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं असू शकतात. म्हणून कार्डालाच विचारायचं, "बाबा, तू कोण?"

विंडोजमध्ये: स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळा त्रिकोण असलेल्या ओळीवर डबल क्लिक करा. जनरल टॅबमध्ये कोड २८ दिसला तर ड्रायव्हरच टाकलेला नाही. कोड २२ असेल तर डिव्हाइस बंद करून ठेवलंय, नुसतं एनेबल करा. मग डिटेल्स टॅबमध्ये जाऊन प्रॉपर्टीच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. 'व्हीईएन'पुढचा चार अंकी नंबर म्हणजे कंपनी, 'डीईव्ही'पुढचा म्हणजे नेमकी चिप. यूएसबीच्या वस्तूंना याच जागी 'व्हीआयडी' आणि 'पीआयडी' असतं. नंबर हेक्साडेसिमल असतात, म्हणून मध्येच अक्षरं दिसतात. १०ईसी म्हणजे रिअलटेक, १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी. आणि इंटेलचा नंबर? ८०८६! १९७८ साली आलेला, आपण मायक्रोप्रोसेसरच्या पेपरला घोकतो तोच.

लिनक्समध्ये: टर्मिनलवर इंग्रजी लहान अक्षरांत एलएसपीसीआय, मग स्पेस, डॅश आणि एनएनके टाइप करा. नावं, नंबर सगळं समोर येतं. 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ कार्डाखाली नसेल तर कार्ड सापडलंय, पण ड्रायव्हर लागलेला नाही. यूएसबीसाठी एलएसयूएसबी.

आमच्या कार्डाचा नंबर निघाला १०ईसी, आणि मी तासभर इंटेलचा ड्रायव्हर घालत बसले होते! रिअलटेकचा आणला, दीड वाजता वाय-फाय लागलं. डेमो झाला. रूममेट दोन दिवसांनी बोलायला लागली.

तेव्हा फॉरमॅट मारण्याआधी एवढं कराच:

१. डिव्हाइस मॅनेजर उघडून वाय-फाय आणि ग्राफिक्सच्या आयडींचा मोबाइलवर फोटो काढा. चालू डिव्हाइसचाही आयडी तिथेच मिळतो.

२. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि पीएनपीयूटिलच्या एक्स्पोर्ट-ड्रायव्हर ऑप्शनने बाहेरून टाकलेले सगळे ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर उतरवा.

३. तरी अडलंच तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा. वाय-फायचा ड्रायव्हर नसतानाही बहुतेक वेळा नेट मिळतं. हे मला तेव्हा सुचलं नाही.

ड्रायव्हर घ्यायचा तो कंपनीच्या साइटवरून किंवा विंडोज अपडेटमधून. फुकट 'ड्रायव्हर अपडेटर'च्या नादी लागू नका.

आणि डेमोच्या आदल्या रात्री फॉरमॅट? शत्रूचाही मारू नका.