परक्या भांडाराची किल्ली

फरीदाबाद म्हटले की कारखान्यांची चित्रे डोळ्यांपुढे येतात. त्याच शहरातील प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्रात भारतीय जैविक डेटा केंद्र उभे आहे. १० नोव्हेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या या केंद्राची साठवणक्षमता तेव्हा सुमारे ४ पेटाबाइट, म्हणजे ४० लाख गिगाबाइट होती. सोबत 'ब्रह्म' हा उच्च क्षमतेचा संगणकही होता. अशा कामाचे संगणक जगभर प्रामुख्याने लिनक्सवर चालतात. नोव्हेंबर २०१७ पासून सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली उरलेली नाही.

लिनक्सच्या प्रत्येक वितरणाचे स्वतःचे भांडार असते. आज्ञावली तेथून पॅकेजच्या रूपाने मिळतात. डेबियनची स्थिर आवृत्ती सुमारे दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात मुख्यतः दोषांची व सुरक्षेची दुरुस्ती होते. बँकेला ही स्थिरता हवीच असते, पण संशोधकाची तिने पंचाईत होते. जनुकांच्या अभ्यासात 'आर' ही संख्याशास्त्राची भाषा सर्रास वापरली जाते आणि तिची कित्येक नवी साधने नव्या आवृत्तीवरच चालतात. म्हणून 'आर'ची मंडळी डेबियन व उबुंटूसाठी आपले निराळे भांडार चालवतात. वितरणाबाहेरच्या अशा भांडाराला त्रयस्थ भांडार म्हणतात. एखाद्या संस्थेने घरच्या आज्ञावलींसाठी आपल्याच जाळ्यात उभारलेले ते खाजगी भांडार.

भांडार जोडणे दिसायला सोपे आहे. स्रोतांच्या यादीत त्याचा पत्ता लिहायचा आणि भांडारचालकाची सार्वजनिक किल्ली संगणकावर ठेवायची. चालक आपल्या गुप्त किल्लीने भांडाराच्या सूचीवर सही करतो. सूचीमागे प्रत्येक पॅकेजचा गणिती ठसा नोंदलेला असतो. वाटेत कोणी एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही व संगणक ते पॅकेज नाकारतो. मात्र किल्लीच खोटी असेल तर ही सारी तटबंदी व्यर्थ. तिची ओळख दुसऱ्या विश्वासू मार्गाने पडताळावी लागते. घाईत नेमकी हीच पायरी वगळली जाते.

पॅकेज बसवताना त्यातील सूचना 'रूट' या सर्वोच्च अधिकाराने चालतात. पत्ता एकदा जोडला की पुढच्या प्रत्येक अद्ययावतीकरणात त्या चालकाला हा अधिकार मिळत राहतो. पूर्वी साऱ्या किल्ल्या एकाच जुडग्यात असत आणि कोणतीही किल्ली कोणत्याही भांडाराला चाले. आता 'साइन्ड-बाय' या सूचनेने प्रत्येक भांडार आपापल्या किल्लीशी बांधता येते. तरी नावाचा घोळ उरतोच. एकाच नावाचे पॅकेज दोन भांडारांत असले आणि दोहोंचा अग्रक्रम नेहमीचा ५०० असला, तर मोठ्या आवृत्तिक्रमांकाचे पॅकेज निवडले जाते. मूळ प्रणालीतील पॅकेज अशा रीतीने नकळत बदलू नये, म्हणून दक्ष व्यवस्थापक त्रयस्थ भांडाराचा अग्रक्रम ५०० च्या खाली ठेवतो.

सहीवरून पाठवणारा ओळखता येतो. आतल्या मालाची हमी तिच्यात नसते. २०२४ मध्ये 'एक्सझेड' या संक्षेपन-साधनात त्याच्याच एका देखभालकर्त्याने चोरवाट पेरली. ते पॅकेज डेबियनच्या चाचणीच्या शाखांत, तेही अधिकृत भांडारातून आणि यथास्थित सहीनिशी पोहोचले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने २९ मार्च रोजी हा प्रकार जाहीर केला. त्यांना संशय आला होता तो दूरस्थ लॉग-इनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्यामुळे.